पाहणीबाहेरचं घर

धुळ्याच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत. सुट्टी लागली की साक्रीची बस धरून आमच्या गावी येत आणि रोजगार हमीचा कायदा इथवर पोचतो का, हे घरोघर विचारत फिरत. मी गावातला मास्तर. त्यांना अहिराणी येत नव्हती, म्हणून सोबत जायचो.

प्रत्येक प्रश्न ते एकाच सुरात, मान खाली घालून विचारत. कसलंही उत्तर आलं तरी हळहळत नसत. आपण हळहळलो की माणसं उत्तरं बदलतात, असं त्यांचं म्हणणं.

एकदा एक उतारवयाची बाई म्हणाली, "काम मांगाले गऊ, भाऊ, पन त्यासनी हाकली दिनं."

मी अर्थ सांगितला. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अक्का, चला माझ्याबरोबर."

कचेरीत त्यांनी साहेबासमोर कायद्यातलं कलम वाचलं. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हाच ऐकला. बाईंना पाझर तलावावर काम मिळालं.

बाहेर आल्यावर मात्र ते म्हणाले, "हे घर पाहणीतून काढायला हवं, मास्तर. मी मध्ये पडलो. आता यांचं उत्तर धरता येणार नाही."

पुढच्या खेपेला काम आटोपून ते त्या बाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. बसची वेळ झाली म्हणून मी बोलवायला गेलो, तेव्हा बाई विचारत होत्या, "तुम्हना घर कोन शे, भाऊ?"

मी अर्थ सांगणार, तोच ते म्हणाले, "कोणी नाही, अक्का."

बस गेली. ते उठले नाहीत.