कॅमेरा बंद ठेवून

शिवणयंत्रं दुरुस्त करणारी म्हणून तिला सगळा भाग ‘मशीनबाई’ म्हणायचा. वडिलांच्या हाताखाली ती हे काम शिकली. बाईमाणसाला हे जमायचं नाही असं ज्यांनी म्हटलं, त्यांच्याच घरची यंत्रं पुढे तिच्या दुकानातल्या टेबलावर आली. त्यांना तिने फक्त जरा जास्त वेळ ताटकळत ठेवलं.

तिची मुलगी नऊ वर्षांची. घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण पोरीचा पाय एका जागी ठरत नसे आणि तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की डोळा लागेपर्यंत थांबत नसे. शाळेत मात्र ही भिंगरी दगड होऊन बसायची. दोन वर्षांत वर्गात तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. हजेरीला नुसता हात वर. तहान लागली तरी ओठ सुकेपर्यंत बसून राहायची. एकदा दारात बोट चेंगरलं, तरी हूं नाही की चूं नाही. शेजारच्या मुलीला रक्त दिसलं, तिने बाईंना सांगितलं.

त्यानंतर मुख्याध्यापिकांनी मशीनबाईला बोलावून घेतलं. शाळेने एका संस्थेशी बोलणी केली होती. अशा मुलांना घरबसल्या ऑनलाइन थेरपी मिळणार होती. बारा बैठका, दर बुधवारी, घरातली शांत खोली, कॅमेरा चालू. बाई म्हणाल्या, हल्ली सगळ्यांना हेच सोयीचं पडतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला, असं मशीनबाईने विचारलं, त्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पोर लाजाळू आहे, मोठी झाली की बोलेल. त्यांची नणंद म्हणे लग्न होईपर्यंत चारचौघांत बोलली नव्हती, आणि नंतर कधी थांबली नाही. शिवाय थेरपी म्हटलं की लोक डोक्यावर शिक्का मारून मोकळे होतात.

“आई, तुमच्या नणंदेचं मला माहीत नाही,” मशीनबाई म्हणाली, “पण बोट चेंगरलं तेव्हा हिने कुणाला हाक मारली नाही. मला तेवढं पुरे आहे.”

नवरा ट्रकवर. त्याने फोनवर सांगितलं, तुला पटेल ते कर. पण पटायचं कसं, हाच तर घोळ होता. एखादं गिऱ्हाईक फोनवर म्हणालं की टाका सुटतोय, तर ती स्वतः सांगायची, यंत्र घेऊन या, फोनवर रोग कळत नाही. मग फोनवर पोर कशी कळणार? तरी हात न लावताच नाही म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने बुधवार मोकळा ठेवला.

पडद्यावरची थेरपिस्ट तरुण होती, चष्म्याची, घाई न करणारी. पहिल्या बैठकीत भिंगरी फोनच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्याच चित्राकडे बघत केस सारखे करत राहिली. दुसऱ्या वेळी तिने दोनदा मान हलवली. तिसऱ्या वेळी ती टेबलाखाली गेली ती वर आलीच नाही. सासूबाईंनी आठवडाभर तेच चघळलं. बघितलंस, यंत्रासमोर बसवून पोर आणखी मुकी केलीस.

मशीनबाईने वेणी घालताना मुलीला सहज विचारलं. भिंगरी पाठमोरी होती म्हणून बोलली.

“पडद्यामागे आजी ऐकते. मग दिवसभर म्हणते, त्या ताईंना हे का नाही सांगितलंस. आणि त्या फोनमध्ये मी मलाच दिसते. मी कशी दिसते ते बघता बघता शब्द पळून जातात.”

खरंच होतं. दोन खोल्यांचं घर, मधे एक कापडी पडदा, आणि पडद्याला लागून सासूबाईंची खुर्ची. शांत खोली म्हणून शाळेच्या कागदावर जी लिहिली होती, ती या घरात नव्हतीच.

तिने थेरपिस्टला फोन लावून सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, हे आमच्या कामाचं आहे की नाही? ती बाई आपल्याच मालाची तारीफ करेल अशी तिची अपेक्षा होती. तसं झालं नाही.

“काही मुलांना फोनचा पडदा आधार देतो, काहींना अडवतो,” ती म्हणाली. “मुलगी बैठकीला येते की पळते, नंतर हलकी असते की चिडते, आणि कुणाच्या कानावर न पडता बोलायला तिला जागा आहे का, एवढं बघा. आणखी तीन वेळा करून काही हललं नाही, तर थांबा म्हणून मीच सांगेन.”

हा सुटा भाग तुमच्या यंत्राला बसणार नाही असं तोंडावर सांगणारा दुकानदार मशीनबाईला नेहमीच आवडायचा. तिने ठरवलं, तीन वेळा. पण आपल्या पद्धतीने.

पुढच्या बुधवारी तिने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. फोन एका जुन्या यंत्राला टेकवला, आपल्या बाजूचा कॅमेरा बंद केला आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसली. आत भिंगरी टेबलाखाली, मांडीवर दोरा गुंडाळायच्या बॉबिनचा डबा. थेरपिस्टने ठरवून दिलं, हो असेल तर डब्यावर एक टिचकी, नाही असेल तर दोन. बराच वेळ पायरीवर नुसता टिचक्यांचा आवाज येत होता. मग थेरपिस्टने विचारलं, डब्यात आहे तरी काय? आणि टेबलाखालून बारीक आवाज आला, “बॉबिन.” बाहेर मशीनबाईने पदर तोंडात धरला. सहाव्या बैठकीला पोरगी थेरपिस्टला दोरा कसा ओवायचा ते शिकवत होती, आणि ती चुकली की तिच्यावर ओरडतही होती.

संस्थेकडून शाळेला कळलं की कॅमेरा बंद आणि बैठक दुकानात. मुख्याध्यापिकांनी पुन्हा बोलावलं. नियम सगळ्यांना सारखा, त्या म्हणाल्या. तो पाळायचा नसेल तर पालकांनी सेवा नाकारली असं लिहून द्या. छापील कागद तयारच होता. मशीनबाईने पेन घेतलं, ‘नाकारली’वर आडवी रेघ मारली आणि खाली ठसठशीत लिहिलं, ‘सेवा घेतली आहे. आमच्या मुलीला जमेल तशी घेतली आहे.’ मग सही केली.

“असं लिहिता येत नाही,” बाई म्हणाल्या.

“लिहिलं की.”

आठव्या बैठकीनंतर थेरपिस्टच म्हणाली की पडद्याचं काम झालं. मुलगी परक्या माणसाशी बोलते आहे, पण कुलूप शाळेत लागलंय, ते शाळेतच उघडावं लागेल. शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग, सोबत आई, रोज वीस मिनिटं. मग वर्गशिक्षिका आधी दारात, नंतर आत, हळूहळू. तिने तसं पत्रही दिलं. मुख्याध्यापिकांनी ते वाचलं आणि अशी सोय नाही म्हणून परत केलं. मशीनबाई हत्यारांची पिशवी घेऊन कचेरीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही बसली, तिसऱ्याही. येणारे-जाणारे पालक काय झालं विचारायचे, आणि ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. चौथ्या दिवशी वर्गाची किल्ली मिळाली.

पहिले दोन आठवडे मायलेकी रिकाम्या बाकांमध्ये कुजबुजत बसल्या. वर्गशिक्षिका दारात आल्या तेव्हा भिंगरी गप्प झाली, आणि त्या आल्या पावली परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. असं करत दोन महिने गेले. एका दुपारी त्या पाठ करून उद्याचा धडा फळ्यावर लिहीत होत्या. मागून आवाज आला, “बाई, ‘विद्यार्थी’ चुकलंय. थी दीर्घ.”

बाईंच्या हातातला खडू थांबला. त्यांनी वळून बघितलं नाही, तेवढं शहाणपण दाखवलं. “आलं लक्षात,” म्हणाल्या आणि शब्द पुसून नीट लिहिला. मशीनबाई पिशवीत पाना शोधू लागली, जो तिच्या हातातच होता.

भरल्या वर्गात भिंगरी अजून धडा वाचत नाही. हजेरीला मात्र ‘हजर’ म्हणते, एवढ्या हळू की जेमतेम पुढच्या बाकाला ऐकू जावं. पाणी मागते. थेरपिस्ट महिन्यातून एकदा मशीनबाईशीच फोनवर बोलते. सासूबाईंना अजून हे सगळं थोतांड वाटतं, पण पाहुण्यांसमोर त्या नातीला थेरपी चालू आहे असं स्वतःहून सांगतात, आणि वर कोण काय म्हणतंय ते बघतात.

वर्षअखेरीला, बारापैकी आठच बैठका झाल्या म्हणून, शाळेच्या नोंदीत भिंगरीच्या नावापुढे ‘कार्यक्रम अपूर्ण’ असा शेरा आला. वर्गशिक्षिकांना वाईट वाटलं, बदलून घेऊ या म्हणाल्या.

“राहू दे,” मशीनबाई म्हणाली. “बरोबरच आहे ते. अजून चाललंय आमचं.”