आनबा गुरवाचा कौल

डोक्याचा रुमाल सोडून आनबाकाकांनी तो खांद्यावर टाकला की पारावरची माणसं बोलायची थांबत. आता काका शपथ घेणार, हे शेंबड्या पोरालाही कळे. उजव्या हाताची थाप मांडीवर पडे आणि पाठोपाठ शब्द येत, "महादेवाची आन!" शपथेला आण म्हणतात, आमच्याकडे बोलताना तिची आन होते, आणि महादेवाच्या या गुरवाने उभ्या हयातीत इतक्या आणा घेतल्या की गावाने त्यांचं बारशाचं नाव मोडीत काढून त्यांना आनबाच करून टाकलं. त्या नावाने हाक मारली की तेही खुशाल ओ देत.

नुसत्या घेतल्या असत्या तर प्रश्न नव्हता. शपथा कोण घेत नाही? दारू सोडल्याची शपथ घेणारे आमच्या गावात दुसऱ्या दिवशी दारूच्याच वाटेवर भेटत. आनबाकाका मात्र घेतलेली आण पाळत. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून बायकोशी भांडून त्यांनी वांगं सोडलं होतं. दोष मिठाचा, पण ताटात वांगं होतं. गावच्या न्हाव्याने आपल्याआधी दुसऱ्याला बसवलं म्हणून गावात दाढी करणं सोडलं. आणि एकदा बेलाची पाटी घेऊन एस्टीत चढले असता कंडक्टरने पाटी टपावर टाका म्हटलं, तेव्हा भर स्टँडवर रुमाल खांद्यावर गेला. "सरकारच्या गाडीत पुन्यांदा पाय ठेवला तर महादेवाची आन!" नुसतं एस्टी म्हणाले असते तर रेल्वे तरी वाचली असती. पण तोंडातून सरकार निघालं, आणि रेल्वेही सरकारचीच. तेव्हापासून दाढीसाठी काका गंगाखेडपर्यंत पायी जात. परत येईस्तोवर निम्मी दाढी पुन्हा उगवलेली असते, असं लोक म्हणत.

याच माणसाकडे सारं गाव देवाचा कौल घ्यायला जाई. बैल विकू का, विहीर इथे खणू की तिथे, पोराला पुण्याला धाडू का, काहीही अडलं की माणूस देवळात येई. काका ज्वारीचे दोन दाणे ओले करून महादेवाच्या पिंडीला लावत, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही. कुणी तणतणत आला तर ते दाण्यांना हात लावत नसत. "आधी पानी पी. बस जरा. तापल्या डोस्क्यानं देवाला इचारायचं नस्तं," असं म्हणून त्याच्या हातात तांब्या देत. कितीक भांडणं त्या तांब्यातच विरघळली.

मला लहानपणापासून चौकशीची खोड. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, सगळ्यांचा कौल लावता, मग शपथ घ्यायच्या आधी स्वतःचा का नाही लावत?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तुम्ही हातात विस्तव का धरत नाही, असं मी विचारलं होतं. "देवाला इचारलं तर देव न्हाई म्हनल की!" ते म्हणाले, आणि स्वतःच हसत सुटले.

आम्ही त्या गावचे नव्हे. बाबा तिथल्या शाळेत मास्तर म्हणून आले, सत्तरच्या दशकाचा बराचसा काळ आम्ही तिथेच काढला. आमचं घर बौद्धांचं. मी देवळात पाऊल ठेवू नये अशी बाबांची सक्त ताकीद होती आणि गावाचीही. बाबांचं आणि गावाचं एकमत झालेली ही एवढीच गोष्ट. म्हणून देवळासमोरच्या बेलाच्या झाडाखाली बसून मी कौल बघत असे. देऊळ लहान, दार थेट पिंडीसमोर, सगळं दिसे. सोबत काकांची गिरिजा असे. ती माझ्यापुढे दोन इयत्ता. गंगाखेडच्या शाळेत आम्ही दोघी एस्टीने जायचो, आणि तिचे वडील त्याच रस्त्याने दाढीला पायी चाललेले दिसले की ती खिडकीतून "अप्पाऽ" म्हणून ओरडायची. काका एस्टीकडे न बघता हात हलवत.

आमच्या घराशी त्यांचा संबंध आला तोही एका आणेमुळेच. गावातल्या चहाच्या हॉटेलात बाबांसाठी कान तुटलेला एक कप बाहेर वळचणीला ठेवलेला असायचा. बाबांनी त्याला कधी हात लावला नाही, ते चहा न पिताच परत येत. एके दिवशी त्या कपावरून तिथे बोलणं निघालं. काकांनी हॉटेलवाल्याला टोकलं, "शिकीवनाऱ्या मानसाला आसला कप ठेवायला तुला लाज कशी वाटंना?" तेव्हा त्यांचाच चुलतभाऊ मल्लाप्पा म्हणाला, "लय पुळका आलाय, तर तू पेशील का त्याच्या घरचं पानी?" झालं. रुमाल खांद्यावर. "उद्यापून मास्तराच्या घरचं पानी पेल्याबिगर देवाच्या डोस्क्यावर पानी घातलं, तर महादेवाची आन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या धोतराने, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून काका आमच्या अंगणात उभे. आईला वाटलं, काहीतरी मागायला आलेत. "मास्तरीनबाई, पानी द्या," एवढंच म्हणाले. आईने तांब्या दिला. काकांनी तो उभ्यानेच तोंडाला लावला. प्याले, तोंड पुसलं आणि देवळात गेले. काही घरांनी त्यांच्या हातचं तीर्थ घेणं बंद केलं. शिवरात्र आली तशी तीच घरं पुन्हा ओंजळ पुढे करून उभी राहिली. काका रोज येतच राहिले. पुढे कधीतरी बाबांना म्हणाले, "खरं सांगू का मास्तर? देवाला इचारलं आसतं तर माजा पाय उचलला नसता."

मला ही आण फार आवडे. न विचारता बोललं तरी चांगलंच होतं की, असं मी बाबांना म्हटलं. बाबा म्हणाले, "अंधारात मारलेला दगड एकदा आंब्याला लागला म्हणून रोज मारू नये. एखादे दिवशी कुणाच्या तरी डोक्यात बसतो." बाबांची ही मास्तरकी मला तेव्हा अजिबात पटली नाही.

तो दगड गिरिजाला बसला. ती मॅट्रिकला होती, हुशार होती, शाळेत तिच्या अक्षराची वही पोरी एकमेकींना दाखवत. संक्रांतीनंतर पारावर मल्लाप्पाने पुन्हा काडी टाकली. "पोरगी रोज एस्टीनं जायलीय. एक दिवस एस्टीतच पळून जाईल, मंग बस कौल लावत." काकांचा रुमाल सुटला. "ह्या शिवरात्रीच्या आत हिला उजवली न्हाई, तर जलमात पिंडीला हात लावनार न्हाई. महादेवाची आन!" मुलीचं लग्न करून देणं म्हणजे तिला उजवणं. मल्लाप्पाचं काम झालं होतं. लग्न झालं तर पोरीची शाळा संपली, नाही झालं तर देवळाची पूजा त्याच्याकडे येणार होती.

मग काका स्थळं शोधायला निघाले, आणि जुनी आण नव्या आणेच्या पायात आली. त्यांचे सोयरेधायरे परभणीकडे, नांदेडकडे, लातूरकडे. तिकडे जायला गाडी हवी, आणि गाडी सरकारची. म्हणजे पायी गाठता येतील तेवढीच स्थळं उरली. गंगाखेडची माणसं म्हणत, परीक्षा होऊ द्या, उन्हाळ्यात बघू. शेवटी शेजारच्या गावचा एक बिजवर मिळाला. किराणा दुकान, दोन लेकरं, वय काकांच्याच आसपास. काकांनी जबान दिली आणि सुपारीही फुटली. गिरिजाची आई चुलीपुढे बसून रडे, धुराचं निमित्त सांगे. गिरिजा रडली नाही. बेलाखाली माझ्यादेखत ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, मला उजवायच्या आधी उजवा कौल तरी घ्या. साऱ्या गावाचा लावता, माझाच कामून न्हाई?" काका बेल तोडत होते. तोडतच राहिले.

मला त्यांचा राग आला. ज्या माणसाच्या हातात माझ्या आईने रोज तांब्या दिला तो असा कसा, हे मला उमगेना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे अंगणात आले तेव्हा बाबा ओट्यावरच बसलेले होते.

"आनबा, देवाला विचारलं?"

"तुमी कुठं मानता, मास्तर?"

"मी नाही मानत. पण तुम्ही मानता ना? मग त्याला न विचारता त्याच्याच नावाने शब्द कसा दिलात? उद्या माझी सही करून तुम्ही कुणाला काही कबूल केलंत, तर मला चालेल का?"

काका खाली बसले. तांब्या जमिनीवर तसाच. "आन् इचारलं, आन् न्हाई म्हनला तर?" ते हळूच म्हणाले. या खेपेला ते हसले नाहीत.

आई दारातून म्हणाली, "भाऊ, आधी पाणी प्या. मग विचारा."

ते त्यांचंच वाक्य होतं. काकांनी आईकडे पाहिलं, घटाघटा पाणी प्याले आणि उठले.

गिरिजा आणि मी बेलाखाली जाऊन बसलो. काकांनी दाणे ओले केले, पिंडीला लावले आणि हात जोडून बसले. एरवी एखादा दाणा लगेच घरंगळे. त्या दिवशी दोन्ही दाणे जागचे हलेनात. ऊन पायरीवर आलं, पायरीवरून आत गेलं. माणसं जमली. मल्लाप्पा म्हणाला, "फिरून लाव, नीट लागले न्हाईत." काका जागचे हलले नाहीत. गिरिजाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगडीचा वळ उठला. भर दुपारी काका बाहेर आले. डोक्यावर रुमाल तसाच बांधलेला होता.

"काय म्हनला देव?" कुणीतरी विचारलं.

"बोलंना," काका म्हणाले. "म्हंतो, तवा मला इचारलं न्हाईस, आता मला कशाला मधी घेतोस? तू बोललास, तू निस्तर."

एवढं बोलून ते पायी शेजारच्या गावी गेले. त्या बिजवराच्या पायावर रुमाल ठेवून त्यांनी सोयरीक मोडली, चारचौघांत शिव्या खाल्ल्या, आणि परत आले. शिवरात्रीच्या पहाटे अभिषेकाचा गडू मल्लाप्पाच्या हातात दिला आणि देवळाच्या पायरीवर, बाहेर, बसले. पुढे बसतच राहिले. बेलाची पानं निवडून देत, पत्रावळी लावत, त्यावरच घर चाले. आत पिंडीवर पाणी पडल्याचा आवाज आला की मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात आपोआप किंचित कलंडायचा. मला ते बघवत नसे. पोरीसाठी देव सोडलेला तो माणूस गावाला वेडा वाटला. मला आजही त्याच्याएवढा शब्दाचा पक्का माणूस दुसरा आठवत नाही, आणि इतका उतावळाही.

दाणे पडले कसे नाहीत, याचा मी पुष्कळ दिवस पिच्छा पुरवला. बाबा म्हणाले, दाणे जास्त भिजले, चिकटून बसले. आई म्हणाली, देव रुसला. काकांना विचारलं तर म्हणाले, "आगं, माजा आवाज मोठा व्हता. त्येनं तरी कवा बोलावं?"

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आईने सवयीने तांब्या भरला आणि पुन्हा ओतला. देवाला पाणी घालायच्या आधी आमच्याकडे पाणी प्यायचं, ही आण होती. आता ते देवाला पाणीच घालणार नव्हते. आण संपली होती. पण काका आले. नेहमीच्या जागी उभे राहिले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने डोळे वटारले आणि माझा प्रश्न घशातच राहिला. ते रोज येत राहिले, आमची बदली होईपर्यंत.

बदली पूर्णेला झाली. निघताना काका एस्टीपर्यंत आले, गाडीच्या पायरीला नुसता हात लावला आणि मागे सरून उभे राहिले. गिरिजा मॅट्रिक झाली, पुढे शिकली, आणि योगायोग असा की नोकरी लागली ती पूर्णेच्या शाळेत. दशक सरत आलं होतं. एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर काका, मागे गिरिजा. दाढी गुळगुळीत.

"चालत आलात?" मी घाबरून विचारलं.

"रेल्वेनं," काका म्हणाले. ते लाजले होते. गिरिजा हसत सांगू लागली, की अप्पांनी मल्लाप्पाला कौल लावायला सांगितला, सरकारच्या गाडीत बसू का म्हणून. पायरीवर बसून दाण्याकडे लेकरासारखी नजर लावली होती. उजवा पडला तेव्हा मल्लाप्पाच आधी ओरडला.

त्यांनी पाणी मागितलं. आई आता थकली होती, म्हणून तांब्या मी भरून आणला. ते उभ्याने प्याले, तसेच, अंगणातल्यासारखे. आई आत होती, डोळे वटारायला कुणी नव्हतं. इतकी वर्षं घशात अडकलेलं मी विचारून टाकलं.

"काका, तुमची ती आण तर शिवरात्रीलाच संपली होती. मग नंतर रोज आमच्याकडे का येत होतात?"

काकांनी रुमालाच्या शेवाने तोंड पुसलं. मग रिकामा तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाले, "आन सरली, पोरी. तहान कुठं सरती? घाल आनखी."