कुस्तोदचा खडू, पियेदादचा सूर

बोरभाटच्या वाड्यावर कुणाचं कुठे चुकतंय हे देवाच्या आधी कुस्तोद फुर्तादला कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपेलच्या, म्हणजे वस्तीतल्या छोट्या चर्चच्या, फळ्यावर यायचं.

तीस वर्षं जहाजावर पाव भाजून माणूस घरी आला. हातांना काम उरलं नव्हतं, तोंडाला तर सुट्टी कधीच नव्हती. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्रीने डोकं चालवलं आणि फाटकावरचा फळा त्याच्या गळ्यात घातला. रोज सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आत कुस्तोद खडू घेऊन हजर. वर त्या दिवसाच्या शुभवर्तमानातली ओळ, खाली चार ओळींचं चिंतन, आणि त्याखाली रेघ मारून 'आजचं काम'. ओळ येशूची असायची, काम मात्र नेहमी दुसऱ्याच कुणाचं तरी. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच आभार मानायला परतला, या वाचनाखाली त्याने लिहिलं, 'नेलेली शिडी परत करा.' शिडी इनासने नेली होती हे शेंबड्या पोरालाही माहीत. पेरणाऱ्याचं बी पाखरांनी खाल्लं, त्याखाली लिहिलं, 'आपापल्या कोंबड्या कोंडून ठेवा.' लोक शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला यायचे. आज आपलं नाही ना, एवढं बघून मग निवांत पाव घ्यायचे.

सगळ्यांत जास्त कामं मिळायची ती पियेदादला. पियेदाद म्हणजे कुस्तोदची भिंतीला भिंत लावून शेजारीण, विधवा, जिभेची सुरी. 'मन कठोर करू नका', 'रागाचं लोणचं घालू नका', असलं काही फळ्यावर दिसलं की बायका आधी तिच्या खिडकीकडे बघायच्या.

भांडण अकरा वर्षांचं. वाड्यावरच्या खुर्सापुढे, पायऱ्यांच्या त्या दगडी क्रुसापुढे, मे महिन्यात लदीन होते. सगळे जमून मारियेला एकेक हाक घालत लांबलचक प्रार्थना गातात, मग उकडलेले चणे खातात आणि पुरुष घोटभर फेणी घेतात. त्या वर्षी गायला पुढे पियेदाद होती आणि व्हायोलिनवर कुस्तोद. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज खाली घसरला. कुस्तोदने गज उचलला, वाजवणं थांबवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाये, सूर इथे आहे. तू कुठे चाललीस?" माणसं पोट धरधरून हसली. पियेदादने पुस्तक मिटलं आणि ती घरी गेली. पुढच्या नाताळात कुस्तोदच्या घरून गेलेलं फराळाचं ताट झाकणासकट परत आलं. तेव्हापासून कुस्तोदच्या लेखी अन्याय झाला तो त्याच्यावर. "सूर तो सूर. त्यात माझा काय गुन्हा?" असं तो बायकोला, एस्प्रांसला, सांगायचा. ती मासे साफ करत राहायची.

मग नवा पाद्री आला. फादर आवेलिन. कोवळा, हसरा, म्हणून कुणाला संशयच आला नाही. चाळीसाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, पहिल्या रविवारी प्रवचन संपवता संपवता तो गोड आवाजात म्हणाला, "फळ्यावरची कामं मला फार आवडतात. ईस्टरपर्यंत आपण एक करू. लिहिणाऱ्याने ते काम आधी स्वतः करायचं आणि रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर उभं राहून सांगायचं. नाही जमलं तर काही हरकत नाही, खडू दुसऱ्या कुणाला देऊ."

दुसरा कुणीतरी हात वर करून बसलाच होता. इनास, शिडीवाला.

कुस्तोदला घाम फुटला. आता पंचाईत अशी, की वाचन काही त्याच्या हातात नव्हतं, ते रोमहून ठरून येतं. सोमवारी आलं, 'मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलं.' कुस्तोदने कपेलच्या मांजराला बांगड्याचं डोकं घातलं आणि कर्तव्यातून मोकळा झाला. ते मांजर आधीच फणसासारखं फुगलेलं. मंगळवारी आली स्वर्गातल्या बापाची प्रार्थना. तिच्यात पुढे क्षमेचा भाग आहे, म्हणून गडी 'रोजची भाकरी दे' इथेच थांबला आणि खाली लिहिलं, 'पाव शिळा करू नका.' बुधवारी योनाचं चिन्ह. योना माशाच्या पोटात होता, तर काम काय? 'मासे ताजे बघून घ्या.' गुरुवारी 'मागा म्हणजे तुम्हांला दिलं जाईल.' कुस्तोदने जेवताना सुंगटांची आमटी आणखी मागितली.

"संपली," एस्प्रांस म्हणाली. "आणि लाज वाटू दे जरा. अख्खा वाडा हसतोय."

शुक्रवार उजाडला. कुस्तोद खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिला. वाचन होतं, 'तू वेदीपाशी आपलं दान आणलंस, आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर.' त्याने पळवाटा शोधल्या. 'वेदी झाडून घ्या'? भाऊ म्हटलंय, शेजारीण कुठे म्हटलंय? मग त्याने ती ओळ तिसऱ्यांदा वाचली. तुझ्या मनात कुणाविरुद्ध काय आहे, हे तिथे विचारलेलंच नव्हतं. कुणाच्या मनात तुझ्याविरुद्ध आहे, एवढंच होतं. अकरा वर्षं त्याने हिशेब उलट्या बाजूने मांडला होता. खडू खिशात टाकून तो घरी आला आणि चादर डोक्यावरून घेऊन झोपला.

"ताप आलाय," तो चादरीतून म्हणाला.

नऊच्या सुमारास दारात आवाज आला. "एस्प्रांस, आहे की गेला?"

"कोण गं?"

"तुझा नवरा. फळा कोरा आहे. म्हटलं मयताची घंटा वाजायच्या आधीच विचारून घ्यावं. काळ्या झग्याला इस्त्री करावी लागते."

अकरा वर्षांत पियेदादने तो उंबरठा ओलांडला नव्हता. एस्प्रांसने हातातलं भांडंही खाली ठेवलं नाही. "आत आहे. बघ तूच, जिवंत वाटतोय का."

कुस्तोद चादरीसकट बाहेर आला. केस उभे, तोंड पडलेलं.

"वाचन मीही करते," पियेदाद म्हणाली. "आज काय आहे ते मला पाठ आहे. यातून तू कसा निसटतोस तेच बघायला गेले होते."

"बस ना."

"उभीच बरी आहे."

"पियेदाद, जर माझ्याकडून काही चुकलं असेल तर..."

"जर? चाळीस माणसं हसली, कुस्तोद. मी मोजली होती."

एस्प्रांसने त्याच्याकडे असं बघितलं, की जहाजावरच्या कप्तानानेही कधी बघितलं नसेल. कुस्तोदने चादर सोडली. "चुकलं," तो म्हणाला. "सुराचं राहू दे. सगळ्यांदेखत तुला तसं बोललो ते चुकलं. मला माफ कर." आणि खोटं कशाला सांगा, त्याचे डोळे भरून आले.

पियेदादचे नाही भरले. "स्वयंपाकघरात चुकलो म्हणायला काय जातं? हसवलंस खुर्सापुढे. मे महिन्यात मी गाईन, तू वाजवशील. आणि मध्येच गज उचललास तर व्हायोलिन पायरीवर फोडीन, सांगून ठेवते."

दहा वाजता कुस्तोदने फळ्यावर त्या दिवसाचं वाचन काही न गाळता सगळं लिहिलं आणि खाली, 'हे काम मी केलं. अर्धं.' रविवारी तेच उभं राहून सांगितलं, उरलेलं मे महिन्यात म्हणून. इनास म्हणाला, "अर्ध्याला खडू अर्धा तोडून द्या!" फादर हसून म्हणाला, "मेपर्यंत थांबू या."

मे महिन्यात लदिनीला पलीकडच्या वाड्याची माणसंसुद्धा आली, चणे दुप्पट उकडावे लागले. पियेदाद निळा झगा घालून पुढे उभी. पहिली हाक नीट गेली. दुसरी नीट गेली. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज घसरला, अगदी त्याच जागी, तितकाच खाली. सगळ्यांच्या माना कुस्तोदकडे वळल्या. त्याचा कान म्हणजे वाड्याचा अभिमान, लग्नांतल्या बाजेवाल्यांच्या चुका काढणारा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने तारेवरचं बोट हळूच खाली सरकवलं आणि तो तिच्याबरोबर गेला. बेसूर तर बेसूर, शेवटच्या आमेनपर्यंत.

"काय रे कुस्तोद!" आमेन झाल्याझाल्या इनास ओरडला. "तिसऱ्याला सूर सुटला तुझा!"

"सुटला," कुस्तोद म्हणाला. "हात म्हातारा झालाय." माणसं हसली आणि त्याने त्यांना हसू दिलं.

चण्यांचा द्रोण घेऊन पियेदाद त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसली. त्याच्या हातात द्रोण दिला आणि हळूच म्हणाली, "तिसऱ्याला मी खाली गेले."

"छे गं..."

"खुर्सासमोर खोटं बोलू नको. तेव्हाही गेले होते. तेव्हाही मला कळलं होतं."

"कळलं होतं? मग अकरा वर्षं कशाचा राग धरलास?"

"खाली गेले ते सांगायला तू कशाला हवा होतास? मला कान नाहीत? तू नुसतं बरोबर यायचं होतंस."

कुस्तोदच्या तोंडात चणे होते. ते गिळून त्याने द्रोण दोघांच्या मध्ये ठेवला.