पाटीमागचा पाइन

आमच्या लातूरच्या ऑफिसातला माळी कुठल्याही झाडाबद्दल बोलण्याआधी त्याची साल नखानं खरवडून बघतो. साहेबांनी शिमल्याहून आणून, फीत कापून लावलेला पाइन उन्हाळ्यात तांबूस पडला, तेव्हाही त्यानं तेच केलं. आत हिरवं होतं.

"मेलं न्हाई, साहेब. पाणी तुटलं म्हणून सुया गाळून, तोंड मिटून दम धरून राहिलंय."

"माझ्या नावाच्या पाटीमागं हे मढं नको. उद्या पाहुणे यायच्या आत उपट."

"हाव, साहेब."

सकाळी पाइन जागेवरच होता. पाटी तेवढी उपटून शेजारच्या कडुलिंबासमोर रोवली होती. साहेबांनी तिथं हसत फोटो काढून घेतले.

पावसाळ्यात पाइनला बोटभर कोंब फुटला. "पाटी परत आणायची का?" मी माळ्याला विचारलं.

"नको, सर. आत्ता कुठं जरा निवांत झालंय."