पायावर पाय

दारखान शहराच्या कडेला, डांबर संपून कोळशाच्या वखारी सुरू होतात तिथे आमचं मुलांचं वसतिगृह आहे. घरात नकोशी झालेली, पोलिसांनी उचललेली, शाळेने हात टेकलेली पोरं इथे राहतात. मी त्यांना रांधून घालते, दुलमाताई त्यांना खेळवते. रांधणं सोपं. मटण एकदा शिजलं की शिजलं. पोरांचं तसं नसतं, ती सकाळी शिजलेली असतात आणि दुपारी पुन्हा कच्ची.

म्हणून दुलमाताई हॉलमधून येऊन भट्टीपाशी बटाट्यांच्या पोत्यावर टेकली की मी काही न विचारता मिठाचा चहा पुढे करते. तिचा एक गुडघा सुजलेला, घसा कायमचा बसलेला. ती चहात फुंकर घालते आणि म्हणते, "पुढच्या जन्मी मला दगड कर रे देवा. कुणी ढकलला तरच हलेन."

त्या हिवाळ्यात तिचा सगळा जीव तुवशिनमध्ये अडकला होता. तुवशिन चौदाचा. दोनदा पळाला, दोनदा पोलिसांनी आणून टाकला. वसतिगृहाचे प्रमुख चिमेद साहेब, त्यांनी ताईला बोलावून सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा गेला तर थेट कुलपाच्या शाळेत. मग माझ्या दारात रडत यायचं नाही."

"रडायला सवड कुठाय साहेब मला," ती म्हणाली होती.

पोरगा एकाच गोष्टीला शांत बसायचा. आमच्या हाडांच्या नेमबाजीला. मेंढीच्या घोट्याची दोन हाडं लांब फळीवर मांडायची आणि मांडीवर लाकडी पट्टी धरून शिंगाची वडी बोटाच्या टिचकीने त्या हाडांवर सोडायची. नेम धरणाऱ्यासाठी बाकीच्यांनी लांब सूर लावायचा. ताईने आपल्या वडिलांची पिवळी पडलेली वडी तुवशिनला दिली होती. ती तो झोपतानाही मुठीत ठेवायचा. रविवारी रेल्वेतून निवृत्त झालेले म्हातारे आमच्या पोरांशी खेळायला यायचे होते आणि पहिला नेम तुवशिनचा, असं ठरलं होतं.

शनिवारी दुपारची जेवणं उरकल्यावर ताई आणि तुवशिन फळी हॉलमध्ये नेत होते. ताई उलटी चालत होती. फळी टेकवताना वळली तिथे तुवशिनच्या पायावर तिचा पाय पडला, सगळ्या वजनानिशी. तेवढ्यात पलीकडे दोन पोरं एकमेकांच्या नरड्याला भिडली. ताई लंगडत तिकडे धावली.

ती दमून चहाला आली तेव्हा भांडण मिटलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर ती पिवळी वडी पडलेली मला दिसली.

"ताई, ही इथे कशी?"

तिने वडी उचलली. तोंडातला घोट तसाच राहिला.

"काय बोललीस त्याला?"

"काही नाही गं. पायावर पाय पडला नुसता."

"मग हात दिलास ना?"

तिने वडी खिशात टाकली.

चुकून पायावर पाय पडला की लगेच हात पुढे करून हात मिळवायचा, नाहीतर दोघांत वैर धरतं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. मोठी माणसं तर झोपेतही चुकत नाहीत. आणि तुवशिनच्या घरी पाय पडायचे ते लाथेचे. त्यानंतर हात कुणी देत नसे.

"त्याने हात पुढे केला होता," ताई हळूच म्हणाली. "मी बघितला. म्हटलं, आधी तिकडचं सोडवू."

वडी टाकून गेला म्हणजे तो पळालाच होता, आणि संध्याकाळच्या हजेरीला साहेब स्वतः येणार होते. मी भट्टीचं दार लावलं, तिच्या अंगावर कोट टाकला आणि दोघी निघालो. वाऱ्याने कान तुटत होते. पळणारं पोर जाणार कुठे? राजधानीच्या गाडीकडेच.

गाडी उभी होती. आमच्याकडे गाडी भरल्याशिवाय हलत नाही, तेवढं एक देवाने बरं केलंय. ड्रायव्हर ओरडत होता, "चला, राजधानी, राजधानी! दोनच जागा हायत!"

तुवशिन मागच्या बाकावर खिडकीला नाक लावून बसला होता. ताई वाकत, कण्हत आत शिरली आणि त्याच्या शेजारी बसली.

"आता एकच! चला, एकच!" ड्रायव्हरला जोर चढला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"मावशे, बसायचं तर बस, न्हाईतर दार सोड."

"विचार करतेय," मी म्हटलं.

आत ताईने हात पुढे केला. तुवशिनने बघितलंही नाही.

"उशीर झाला," तो काचेला म्हणाला.

"झाला."

"तिकडं मारामारी नसती तर दिला असतास?"

"दिला असता. पण तिकडं रोजच मारामारी असते, तुवशिन. मी दमते रे. दमलं की आधी ओरडणाऱ्याकडे जाते. तू ओरडत नाहीस."

पुढच्या बाकावरची दह्याच्या वड्या घेऊन निघालेली म्हातारी मागे वळली. "अरे घे की हात. बाईचा खांदा गळून पडेल."

"तुम्ही मध्ये पडू नका, आजी."

"मी कशाला पडतेय? गाडी अडलीय तुझ्यापायी."

ताईने हात खाली घेतला नाही. मग तुवशिनने खाली बघितलं, आपला बूट उचलला आणि तिच्या पायावर ठेवला. जोरात नाही. पण मुद्दाम. आणि लगेच हात पुढे करून तिचा हात धरला.

"झालं," तो म्हणाला. "फिटलं."

"दुखऱ्याच पायावर ठेवलास, गाढवा."

दोघं उतरले तसा ड्रायव्हरने दोन जागांच्या नावाने आमच्या सात पिढ्या काढल्या. ताईने खिशातून वडी काढून तुवशिनला दिली. आम्ही परत निघालो. ती त्याच्या खांद्यावर भार टाकून चालत होती आणि तो कुरकुरत होता की ताई, तू फार जड आहेस.

हजेरीला सगळी पोरं होती. साहेबांनी ताईच्या बर्फाने माखलेल्या बुटांकडे बघितलं आणि हजेरीची वही मिटली.

ती पुन्हा पोत्यावर येऊन टेकली. मी चहा गरम केला. हॉलमध्ये काहीतरी धाडकन आदळलं आणि कुणीतरी रडायला लागलं.

"मी जाते, तू बस," मी म्हटलं.

"तू जाऊन काय करशील?" म्हणत ती गुडघा धरून उठली.