सात नंबरचं मशीन

कल्पना करा, तुमच्यासमोर बारा कॉम्प्युटर आहेत आणि त्यातल्या एकालाही सीडी लावायची सोय नाही. सीडी फक्त कोपऱ्यातल्या सर्व्हरला लागते. तुमच्या हातात एकच फ्लॉपी आहे. ती पहिल्या मशीनमध्ये घालायची, बटण दाबायचं आणि खरखर ऐकत थांबायचं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. फ्लॉपी नेटवर्क कार्डाला जागं करते आणि केबलच्या दुसऱ्या टोकाचा सर्व्हर सापडतो. मग जुनी डिस्क फॉरमॅट करायची. मशीन एकदाच विचारतं, यावरचं सगळं जाईल, पुढे जायचं का? तुम्ही 'वाय' दाबता. थोड्या वेळानं सर्व्हरवरून विंडोज अठ्ठ्याण्णवच्या फायली उतरायला लागतात. त्या उतरल्या की फ्लॉपी काढायची आणि पुढच्या मशीनकडे जायचं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फ्लॉपीवरून उठलेलं मशीन आपल्या पोटात काय आहे ते आपणहून दाखवत नाही. बाराही पडदे सारखेच काळे असतात.

१९९९च्या ऑक्टोबरात शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गौतमी मॅडमनी हे काम एका दिवसात उरकलं. मी केंदूरहून त्यांच्या दुपारच्या बॅचला यायचो. मॅडम तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. मूळच्या दौंडच्या, शिरूरला मावशीकडे राहायच्या. वडील ज्ञानदेव रेल्वेत गँगमन होते. दौंडच्या वस्तीत सगळे त्यांना आबाच म्हणत.

आबांना सहीपुरतं लिहिता यायचं. पण रुळाची खडी ओढता ओढता ते गाणी रचायचे आणि विहारात म्हणायचे. बाबासाहेबांची, आईची, दौंडच्या उन्हाची, अशी एकतीस गाणी होती. पूर्वी कुणीतरी ती वहीत उतरवून घेतली होती. त्या वहीला वाळवी लागली.

त्या उन्हाळ्यात आबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तारीख मिळाली ती दसऱ्यानंतरच्या सोमवारची. मग दर रविवारी आबा एसटीनं शिरूरला यायला लागले. क्लास बंद असायचा. दाराबाहेर चपला काढून ते सात नंबरच्या मशीनसमोर बसायचे. मराठी फॉन्ट त्या एकाच मशीनवर होता.

"आबा, हळू सांगा. माझी बोटं गाडीसारखी पळत न्हाईत."

"मंग येवढं शिकून काय केलंस? आमची गँग मालगाडी यायच्या आत रूळ बसवून मोकळी व्हायची."

पहिलं गाणं टाइप झाल्यावर आबांनी पडद्याला बोट लावून पाहिलं.

"ह्येला वाळवी लागती का?"

"न्हाई लागत."

"मंग लिव्ह."

तीन महिन्यांत एकतीस गाणी पुरी झाली. प्रिंट काढायचे होते, पण प्रिंटरची रिबन संपली होती. क्लासचे मालक मारुतराव म्हणाले, नवी विंडोज बसू दे, मग नवी रिबन आणू. फ्लॉपीवर मॅडमचा भरवसा नव्हता, महिनाभरात वाचेनाशी व्हायची. त्यांनी ठरवलं, नेटवर्क सुरू झालं की सात नंबर शेवटी घ्यायचं. आधी गाणी सर्व्हरवर चढवायची, मगच ते फॉरमॅट करायचं.

दसऱ्याला मॅडम दौंडला होत्या. धम्मचक्र प्रवर्तन दिन होता आणि आबा विहारात शेवटचे गाणार होते. इकडे क्लासमध्ये मारुतरावांनी मशीनची पूजा घातली.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी बाराही मशीनला केबल जोडली. मॉनिटरवर चिकटवलेले नंबर एक ते बारा ओळीनं होते. पडद्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, ती त्यांनी पुसली. सात नंबर सोडून अकरा मशीन दुपारी चारपर्यंत झाली. मग सात नंबर फ्लॉपीशिवाय चालू केलं. आत विद्यार्थ्यांचे टॅलीचे धडे होते. मराठी फॉन्टही नव्हता आणि गाणीही नव्हती.

झाडलोटीला येणाऱ्या गीताबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या.

"मावशी, दसऱ्याला मशीन हलवली होती का?"

"व्हय की. टीव्ही खाली घेतलं, डबं बाहेर काढून पुसलं. मालक म्हनलं, चकाचक पायजे."

"परत कसं ठेवलं?"

"म्हंजी? नंबर बघूनच ठेवलं. येक बी टीव्ही इकडचा तिकडं न्हाई बघा."

टीव्ही म्हणजे मॉनिटर. ते खरोखरच जागच्या जागी होते. फायली ज्यात असतात त्या खालच्या डब्यांवर, म्हणजे सीपीयूंवर, मात्र नंबर कधीच नव्हते. चिठ्ठ्या मॅडमनीच लावल्या होत्या, बसल्या जागेवरून मुलांना दिसाव्यात म्हणून फक्त मॉनिटरवर. फॉरमॅट झालेल्या अकरातल्या नेमक्या कुठल्या डब्यात गाणी होती, तेही आता सांगता येत नव्हतं.

अजून दोन दिवस हातात होते. शनिवारी मॅडम वही घेऊन दौंडला गेल्या. आबांना सांगायचं आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवून घ्यायचं, असं एसटीत त्यांनी पक्कं केलं होतं. घरात आबांना भेटायला माणसं जमली होती. आबांच्या गँगमधले म्हस्कूमामा चेष्टा करत होते.

"ज्ञानू, आता गानार कोन रं? तुझी म्हस?"

"माझी पोरगी. समदी गानी तिच्या कॉम्प्युटरमधी हायती. गळा गेला तर जाऊ दे." मग लेकीकडे वळून आबा म्हणाले, "सांग की गं यास्नी, वाळवी लागत न्हाई म्हून."

"न्हाई लागत," मॅडम म्हणाल्या.

वही पिशवीतच राहिली. रविवारीही तिथंच होती. सोमवारी ऑपरेशन झालं.

पुढे मॅडमनी वस्तीत घरोघर फिरून ज्याला जे आठवेल ते उतरवून घेतलं. नऊ गाणी पुरी झाली, बाकीच्यांची नुसती धृपदं मिळाली. नऊ गाण्यांचे प्रिंट घेऊन त्या घरी गेल्या. त्यातलं एक त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. आबांनी कागद हातात घेतले, उलटसुलट केले. मग दोन्ही पंजे तीनदा उघडले आणि एक बोट वर केलं.

"व्हय आबा. एकतीस."

आबांनी कागद उशीखाली ठेवले. २००२ साली ते गेले, तेव्हा कागद तिथंच सापडले.

आता मॅडमचं दौंडला स्टेशनजवळ डीटीपीचं दुकान आहे. शिरूरचा क्लास कधीच बंद पडला. ते डबे काही भंगारात गेले, काही कवठे येमाईकडच्या कुणीतरी नेले. गेल्या महिन्यात मी दुकानात गेलो होतो. माझ्या नेटवर्कच्या नोकरीविषयी बोलणं चाललं होतं, तेवढ्यात त्यांनी मधेच विचारलं, "फॉरमॅटनं फायलींची यादीच पुसली जाते ना रे? खालचं तसंच असतं?"

"हो. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत असतं."

"दोन जीबीची डिस्क होती. त्या दिवशी मी तीनशे एमबी लिहिले. नंतर मुलांनी काय थोडंफार लिहिलं असेल तेवढंच." हा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवलेला होता. प्रिंटरमधून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका बाहेर येत होती, तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मग उरलेल्या जागेत आबांचं एखादं गाणं अजून असेल का रे?"