दातवाल्या वहिनी आणि भट्टीवरची तारीख

गल्लीत सगळे तिला दातवाल्या वहिनी म्हणत, आणि दर वेळी ते ऐकून तिच्या अंगावर काटा येई. नवरा कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडातली मापं पाठवत, त्यांवरून तो प्लास्टरचे साचे ओतायचा, आणि हा सगळा कारभार चालायचा तिच्या स्वयंपाकघरात. ओट्याच्या एका टोकाला भाजी चिरायची, दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी वरचा जबडा वाळत पडलेला. चहात प्लास्टरची पूड, पिठात पूड, केसांत पूड. कवळ्यांना पॉलिश करायचं काम तिचं. हात घासघासून धुतले तरी ती जेवायची चमच्यानंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण परक्यांच्या तोंडांचा हा शेजार काही तिच्या पचनी पडला नव्हता.

गल्लीच्या टोकाला एक गाळा रिकामा होता. त्याच्या डिपॉझिटचे पैसे तिनं पॉलिशच्या कामातून, पोटाला चिमटा काढून साठवले होते. क्रेडिट कार्डाचं देणं एकदा फिटलं की सगळे दात तिकडे हलवायचे, असं नवऱ्यानं कबूल केलं होतं.

देणं होतं कॅप भाजायच्या भट्टीचं. बँकेतला टायवाला माणूस साखर पेरत बोलला होता, "मुदतीत सगळे पैसे फेडा, एक पैसा व्याज नाही." मुदत हुकली तर सगळ्या रकमेवर पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागणार, हे सांगायचं काम मात्र त्यानं बारीक अक्षरांच्या गळ्यात घातलं होतं. नवऱ्यानं ती अक्षरं भिंग लावून वाचली. एका टाकाऊ साच्यावर त्यानं पेन्सिलीनं मुदतीची तारीख लिहिली, साचा भट्टीवर ठेवला आणि म्हणाला, "हप्ते तू भर. माझं डोकं कामातून वर निघत नाही." तिनंही एक हप्ता चुकवला नाही.

आता त्यांच्या घरात साच्यावरची तारीख कधीच खरी नसे. डॉक्टरनं दिलेल्या तारखेच्या दोन दिवस आधीची तारीख नवरा साच्यावर टाकायचा, कारण भट्टीत कॅप तडकली तर दुसरी करायला वेळ हवा. तिलाही ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की पेन्सिलीची तारीख दिसली की तिच्या मनात आपोआप दोन दिवस जमा होत.

शेवटची रक्कम भरायचा दिवस आला, तेव्हा एका डॉक्टरकडून यायचे पैसे उद्यावर गेले. गाळ्याच्या पैशांतून भरता आले असते. पण दोन दिवस हातात असताना त्या पैशांना हात कशाला लावायचा? दुसऱ्या दिवशी डॉक्टरचे पैसे आले आणि तिनं ताठ मानेनं जाऊन देणं फेडलं. येताना गाळ्यात डोकावून मोरी कुठे बसवायची तेही ठरवून आली.

पुढच्या महिन्यात बिल आलं. व्याजाचा आकडा पाहून तिनं ते नवऱ्यापुढे आपटलं.

"अहो, भट्टीवरची तारीख तुम्हीच लिहिली होती ना?"

"हो. खरी लिहिली होती."

"खरी? साच्यावर? पेन्सिलीनं?"

"अगं, बँकेच्या तारखेत दोन दिवस कशाला धरायचे? तिथं काय कॅप तडकणार होती?"

त्याच्या डोक्यात साचा मारावा, असं तिला मनापासून वाटलं. जन्मभर खोट्या तारखा लिहिणाऱ्या माणसाला खरं बोलायला नेमकं हेच ठिकाण सापडावं! मग तिनं बँकेत फोन लावला. पलीकडून एक मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "आम्ही आपली अडचण समजू शकतो, मॅडम." समजून घेऊन तिनं एक पैसा कमी केला नाही. वर आणखी काही मदत हवी का, असंही विचारलं. फोन ठेवल्यावर तिनं ओट्यावर ठेवलेला कप तोंडाला लावला, तर चहावर पांढरा थर. तिनं तो मोरीत ओतला. सगळ्याचीच शिसारी आली होती. त्या मधाळ आवाजाची, नवऱ्याच्या खरेपणाची, आणि मोरीची जागा ठरवून आलेल्या स्वतःची तर सगळ्यांत जास्त.

व्याज भरायचं म्हणजे गाळ्याचे जवळजवळ सगळे पैसे जाणार होते.

नवरा खाली मान घालून कॅपचं मेण कोरत होता. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्या बँकेचा माणूस आला होता मघाशी. हे व्याज त्यांच्या कार्डावर वळवता येतं म्हणे. वर्षभर बिनव्याजी. गाळ्याच्या पैशांना धक्का नाही."

"त्या लोकांचं नाव काढू नका माझ्यासमोर," ती ओरडली. "एकजात लुटारू! थुंकते मी त्यांच्या बिनव्याजीवर."

ती फडकं घेऊन ओटा पुसू लागली. कुणाचा तरी खालचा जबडा उचलला, खालची पूड पुसली, जबडा पुन्हा जागेवर ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. पुसलेल्या जागेवर पूड पुन्हा बसतच होती.

"मुदत कधी संपते त्याची?" तिनं विचारलं, आणि आपल्याच तोंडातून आलेल्या त्या शब्दांची तिला अशी किळस आली, की तिनं जाऊन चूळ भरली.